'किमोनो' म्हणजे नुसतं 'घालायचं ते'! जपानी वस्त्रांच्या नावांचे अर्थ आणि उगम

निळीशाई

'किमोनो'चा अर्थ मराठीत बहुतेक ठिकाणी 'जपानी स्त्रियांचा पारंपरिक झगा' असा दिलेला असतो. किमोनो पुरुषही घालतात, त्यामुळे 'स्त्रियांचा' चुकीचं. आणि मूळ शब्दात झगाही नाही, जपानही नाही. 'की' आलं 'किरु' या क्रियापदावरून, म्हणजे अंगात घालणं. 'मोनो' म्हणजे वस्तू. घालायची वस्तू तो किमोनो. याच साच्यातला 'ताबेमोनो' म्हणजे खायची वस्तू, 'नोमिमोनो' म्हणजे प्यायची. आपल्याकडे पांघरायचं ते पांघरूण आणि अंथरायचं ते अंथरूण, तसंच हे.

या नावांची किल्ली क्रियापदांत आहे. आपण साडी नेसतो, सदरा घालतो, शाल पांघरतो, फेटा बांधतो. 'साडी घातली' कानाला खटकतं, कारण मराठीत कपड्यागणिक क्रिया बदलते. जपानीतही ती बदलते, फक्त तिथे शरीराचा भाग बघतात. धडावर चढवायचं ते 'किरु'. कमरेखाली चढवायचं ते 'हाकु', यात मोजे आणि पादत्राणंही आली. डोक्यावर 'काबुरु', खांद्यांवरून नुसतं टाकायचं ते 'हाओरु', कमरेला वेढायचं ते 'ओबिरु'. आता नावं बघा: किरुवरून किमोनो, हाकुवरून हाकामा (घोळदार, चुण्यांचं कमरेचं वस्त्र), हाओरुवरून हाओरी (किमोनोवर घालायचा आखूड कोट), ओबिरुवरून ओबी (कमरपट्टा). क्रियापदं कळली की निम्मी नावं आपोआप उलगडतात.

एक सापळा आहे. हाओरी लिहिताना 'पीस' आणि 'विणणे' या अर्थांची दोन चित्राक्षरं वापरतात. त्यावरून 'पिसांनी विणलेलं वस्त्र' असा अर्थ लावला जातो. तो चूक आहे. ती अक्षरं केवळ उच्चार जुळतो म्हणून घेतलेली आहेत. जपानी शब्दाचा उगम शोधताना आधी कानाने ऐकायचं, अक्षरांकडे नंतर वळायचं.

बाकीच्या नावांबद्दल जाणकारांनी भर घालावी, म्हणून हा धागा.

धातुपाठ

छान विषय, निळीशाई. 'कपडा' हा मोघम अर्थ एकाच पोशाखाला कसा चिकटला, ते लिहितो.

1603 साली नागासाकीत जेझुइट पाद्र्यांनी जपानी-पोर्तुगीज कोश छापला. त्यात किमोनो आणि त्याचं मोकळं रूप 'किरुमोनो' ही दोन्ही सापडतात, अर्थ सरळ 'कपडे'. आज ज्याला आपण किमोनो म्हणतो त्या शिवणीच्या वस्त्राला तेव्हा 'कोसोदे' म्हणत. कोसोदे मुळात आतलं वस्त्र. हेइआन काळातले (794 ते 1185) सरदार आणि दरबारी स्त्रिया ते थरावर थर चढवलेल्या झग्यांच्या आत घालत. मुरोमाची काळापासून (1336 ते 1573) वरचे थर गळत गेले आणि आतलं कोसोदे बाहेर आलं.

नाव बदललं ते मेइजी काळात (1868 ते 1912). 1872 च्या सरकारी हुकमाने दरबारी समारंभांचा गणवेश पाश्चात्त्य धर्तीचा झाला. कोट-पाटलोण आली तेव्हा तिला वेगळं नाव हवं होतं, म्हणून 'योफुकु' (पाश्चात्त्य पोशाख) हा शब्द रुळला, आणि त्याच्या जोडीला स्वतःच्या पोशाखासाठी 'वाफुकु' (जपानी पोशाख). बोलण्यात मात्र वाफुकुऐवजी किमोनोच टिकला आणि त्याचा अर्थ आकसला. दुसऱ्या तऱ्हेचे कपडे समोर आले नसते तर किमोनो अजूनही 'कपडा'च राहिला असता. संस्कृतात 'शाटी' म्हणजे कापडाची पट्टी किंवा वस्त्र. त्याची साडी झाली आणि अर्थ एकाच वस्त्रापुरता उरला. वाट तीच.

2019 मध्ये एका अमेरिकन कंपनीने अंतर्वस्त्रांसाठी 'किमोनो' हे नाव व्यापारचिन्ह म्हणून घ्यायचं ठरवलं. तेव्हा क्योतोच्या महापौरांनी पत्र लिहून फेरविचाराची विनंती केली आणि कंपनीने नाव बदललं. 'घालायची वस्तू' हा सगळ्या समाजाचा शब्द एका मालाच्या मालकीचा व्हावा, हे लोकांना खुपलं आणि ते रास्तच होतं.

सुईदोरा

कोसोदे = को (लहान) + सोदे (बाही). पण इथे 'लहान बाही' म्हणजे आखूड बाही नव्हे! लहान असतं ते मनगटाशी हात बाहेर काढायचं तोंड. जपानी बाही म्हणजे खांद्यावरून दुमडलेला आयत. त्याची बाहेरची उभी बाजू पूर्ण उघडी ठेवली तर ती 'ओसोदे' (मोठी) किंवा 'हिरोसोदे' (रुंद). त्याच बाजूला वर हाताएवढी फट ठेवून खालचा भाग शिवून बंद केला की ती कोसोदे. बाही लोंबते किती, याच्याशी या नावाचा संबंध नाही.

म्हणून फुरिसोदे, जिच्या बाह्या पोटरीपर्यंत लोंबतात, तीसुद्धा शिवणीने कोसोदेच. 'फुरु' म्हणजे हलवणं, झुलवणं. झुलत्या बाहीचं वस्त्र ते फुरिसोदे. आज बाहीच्या लांबीवरून तिचे तीन प्रकार करतात: लहान सुमारे 85 सेंमी, मधली 100 च्या आसपास, मोठी 114 किंवा जास्त. हा अविवाहित मुलींचा समारंभी पोशाख. लग्नानंतर लांब बाही कापून आखूड करायची पद्धत होती. 'तोमेरु' म्हणजे थांबवणं, बंद करणं, त्यावरून 'तोमेसोदे'. आज काळी तोमेसोदे वर-वधूच्या आया घालतात. तिच्यावर पाच कुलचिन्हं असतात: पाठीवर एक, बाह्यांच्या मागच्या अंगाला दोन, छातीवर दोन.

स्त्रियांच्या बाहीत काखेखालचा भाग धडाला जोडत नाहीत, मोकळा सोडतात. धडालाही त्या जागी फट असते, तिला 'मियात्सुगुची' म्हणतात. बाही झुलते ती या मोकळ्या भागामुळे. पुरुषांच्या किमोनोत काखेखाली फट नसते आणि बाही जवळजवळ पूर्ण धडाला शिवलेली असते. फोटोतला किमोनो पुरुषाचा की बाईचा, हे ओळखायला काख बघा, रंग नव्हे.

कुतूहल

निळीशाई, धातुपाठ, सुईदोरा, तिघांचेही आभार. दोन प्रश्न. कराटे-जुदोच्या वर्गात पांढऱ्या पोशाखाला सगळे 'गी' म्हणतात, त्याचा किमोनोशी संबंध आहे का? आणि युकाता म्हणजे सुती किमोनो, एवढंच का?

धातुपाठ

@कुतूहल, गी म्हणजे किमोनोतलाच 'की'! जपानीत समासाच्या दुसऱ्या पदाचं पहिलं व्यंजन पुष्कळदा मृदू होतं: क चा ग, त चा द, श चा ज, ह चा ब. आपल्याला हे परकं नाही, दिक् + अंबर = दिगंबर. (वस्त्रांच्या धाग्यावर याहून चांगलं उदाहरण मिळायचं नाही.) फरक असा की संस्कृतात पहिल्या पदाचं टोक बदलतं आणि जपानीत दुसऱ्याचं तोंड. जुदो + की = जुदोगी. सरावाचा पोशाख 'केइकोगी'. सुटा 'गी' जपानीत चालत नाही, 'दोगी' म्हणतात. तो बाहेरच्यांनी शेपटीकडून तोडून घेतला आहे.

निळीशाई

युकाताचं उत्तर मी देते. मूळ शब्द 'युकाताबिरा'. 'यु' म्हणजे गरम पाणी, स्नान. 'काताबिरा' म्हणजे एकपदरी, अस्तर नसलेलं वस्त्र: काता (एकच बाजू) + हिरा (पातळ, सपाट), आणि वर सांगितलेल्या नियमाने हिराचं बिरा. हेइआन काळात उच्चकुलीन लोक वाफेच्या स्नानघरात हे तागाच्या जातीच्या धाग्याचं एकपदरी वस्त्र घालून बसत. एदो काळात (1603 ते 1868) सार्वजनिक स्नानगृहं वाढली, कापूस स्वस्त झाला आणि अंघोळीनंतर अंग टिपायला सुती काताबिरा घालू लागले. शेपूट गळालं आणि 'युकाता' उरलं.

म्हणजे नावात सूत कुठेच नाही, स्नान आहे. पेहरावाचे नियमही तिथूनच आले: आत गळपट्टीचं जुबान (किमोनोच्या आतलं वस्त्र) घालत नाहीत, पायात मोजे नाहीत, अनवाणी पायांत लाकडी गेता, कमरेला सुमारे 15-16 सेंमी रुंदीची अर्ध्या पन्ह्याची ओबी. उन्हाळी जत्रेत, आतषबाजी बघायला, पितरांच्या बोन सणाच्या नाचाला युकाता शोभते. लग्नाला नाही.

एकपदरी असेल ती प्रत्येक गोष्ट युकाता, असंही समजू नये. बिनअस्तराच्या किमोनोला 'हितोए' म्हणतात आणि तो रीतसर जुबानावर घालतात. ढोबळ नियम असा: ऑक्टोबर ते मे अस्तराचा 'आवासे', जून आणि सप्टेंबरात हितोए, जुलै-ऑगस्टात विरळ विणीचा पारदर्शक कपडा.

बुतांव

'जुबान' हा शब्द आलाच आहे, तर त्याच्यावर सविस्तर लिहायला हवं, कारण तो आपल्या वाटेने जपानला गेला.

किमोनोच्या आतलं वस्त्र म्हणजे जुबान (काही जण 'जिबान'ही म्हणतात). हिंदी-उर्दूतल्या जिभेच्या जुबानशी याचा संबंध नाही. हा जपानी शब्दच नाही. पोर्तुगीज 'जिबांव' म्हणजे अंगाबरोबर बसणारी बंडी, तिचं जपानी कानाने जुबान केलं. लिहिण्यासाठी कपड्याशी अर्थ जुळतील अशी दोन चित्राक्षरं शोधली, त्यामुळे शब्द अस्सल चिनी-जपानी वाटतो. निळीशाईंनी हाओरीबद्दल सांगितलेला सापळा इथेही आहे.

जिबांवचं मूळ थेट अरबी 'जुब्बा'पर्यंत जातं: ढगळ, लांब बाह्यांचा अंगरखा. अरबीतून इटालियन-फ्रेंच भाषांत, तिथून पोर्तुगीजात, पोर्तुगीज जहाजांतून जपानात. आपला मराठी झब्बाही अरबी जुब्ब्याचाच धरला जातो, फक्त तो जमिनीवरून आला. झब्बा आणि जुबान ही एका घरची भावंडं. एक पूर्वेच्या टोकाला जाऊन आतलं वस्त्र झालं, एक इथे बाहेरचा सदरा झाला.

वाट कशी होती तेही सांगतो. पोर्तुगीज 1543 मध्ये तानेगाशिमा बेटावर पोचले. फ्रान्सिस झेवियर 1549 च्या एप्रिलमध्ये गोव्याहून निघाला आणि ऑगस्टमध्ये कागोशिमाला उतरला. 1571 पासून नागासाकी हे पोर्तुगीजांचं बंदर झालं आणि गोवा, मलाक्का, मकाव, नागासाकी असा व्यापाराचा रस्ता बसला. 1639 मध्ये जपानने पोर्तुगीजांना कायमचं हद्दपार केलं. मोजून शंभर वर्षांचाही संबंध नाही, पण कपड्यांचे शब्द मागे राहिले. पावसाळी झुलीला 'काप्पा' (पोर्तुगीज कापा), जाड लोकरी कापडाला 'राशा', मखमलीला 'बिरोदो' (वेलुदो), आणि गुंडीला 'बोतान' (बोतांव). कोंकणीत आम्ही गुंडीला अजून 'बुतांव'च म्हणतो. नागासाकीत आणि मडगावात गुंडीचा शब्द एकच!

उलट दिशेनेही एक शब्द गेला: पोर्तुगीजात किमोनोचं 'किमांव' झालं.

सुईदोरा

बुतांव, फार मोलाचा प्रतिसाद. जुबानाचे प्रकार जोडते, कारण खरेदी करताना इथेच घोटाळा होतो.

'हादा' म्हणजे त्वचा. हादाजुबान अंगाला लागून, सुती, घाम टिपणारं. त्याच्यावर नागाजुबान ('नागाई' म्हणजे लांब), घोट्यापर्यंत. कमरेपर्यंतचं ते हानजुबान ('हान' म्हणजे अर्ध), याच्या खाली वेगळा परकरासारखा 'सुसोयोके' गुंडाळतात. तिन्हींत हानजुबान जुनं, नागाजुबान एदो काळातलं.

किमोनोच्या गळ्याशी जी पांढरी पट्टी दिसते ती किमोनोची नसते. ती नागाजुबानाच्या गळपट्टीवर धावदोऱ्याने टाचलेली 'हानएरी' असते, अर्धी गळपट्टी. मळली की उसवायची, धुवायची, पुन्हा टाचायची. ती मशीनवर पक्की शिवून टाकली तर दर वेळी अख्खं जुबान धुवावं लागतं. टाचताना मानेमागच्या भागात पट्टी किंचित ताणून, बारीक टाक्यांनी बसवायची, नाहीतर आतल्या बाजूला सुरकुत्या पडतात आणि त्याच मानेवर दिसतात.

रेवदंडा

कापडांच्या नावांत तर आपला किनाराच आहे. जपानी कोशात 'चाउजिमा' नावाचं एक कापड आहे: पातळ, हलकं, पट्ट्यापट्ट्यांचं रेशीम, बहुतेक हाकामा शिवायला वापरत. त्यातलं 'चाउ' म्हणजे रायगड जिल्ह्यातलं आपलं चौल! चौलचं रेशीम पोर्तुगीजांनी नेलं आणि कापडाला बंदराचं नाव लागलं. चौलच्या खाडीच्या तोंडाशी, रेवदंड्याला, पोर्तुगीजांचा अंमल 1521 पासून होता. पुढे 1680 च्या दशकात क्योतोचे विणकर स्वतःच चाउजिमा विणू लागले. कापड तिथलं झालं, नाव चौलचं राहिलं.

यातल्या 'जिमा'चा मूळ शब्द 'शिमा', म्हणजे पट्टे. शिमाचा दुसरा अर्थ बेट. दक्षिणेकडच्या बेटांवरून, समुद्रापलीकडून आलेलं पट्ट्यांचं कापड ते 'बेटांवरचं', आणि पुढे पट्ट्यालाच शिमा म्हणू लागले, अशी त्याची उपपत्ती देतात. 'सांतोमेजिमा' हे असंच दुसरं नाव. सांतोमे म्हणजे साओ तोमे, आजच्या चेन्नईतलं मैलापूर. बंगालच्या पट्ट्यांना 'बेंगाराजिमा'. पायातल्या पांढऱ्या ताबी मोज्यांचं घट्ट विणीचं सूत ते 'क्याराको', म्हणजे कॅलिको, म्हणजे कालिकत.

कुतूहल

चौलचं कापड सामुराईंच्या हाकामात! हे शाळेत कुणी शिकवलं नाही. युरोपात मात्र किमोनो हे नाव बरंच उशिरा पोचलं ना?

धातुपाठ

हो, पण वस्त्र आधी पोचलं. नागासाकीच्या देजिमा बेटावरच्या डच वखारीतल्या अधिकाऱ्यांना शोगुनकडून (जपानचा लष्करी सत्ताधीश) रेशमी झगे भेट मिळत. हॉलंडमध्ये त्या धर्तीच्या घरगुती झग्याला 'जपानी अंगरखा' म्हणत. डच भाषेत 'यापोन' म्हणजे स्त्रियांचा पोशाख, तो शब्द जपानवरूनच. इंग्लंडात त्याच घाटाच्या, पुष्कळदा हिंदुस्थानी चिटाच्या झग्याला 'बन्यान' म्हणत. गुजराती 'वाणिया' पोर्तुगीजांच्या तोंडी 'बानियान' झाला आणि त्यातून हे नाव आलं. आपण आज आत घालतो तो बनियन याच शब्दाचा. म्हणजे झब्बा आणि बनियन या दोन्ही मराठी शब्दांना किमोनोच्या गोतावळ्यात जागा आहे.

पन्हा

उगम झाला, आता बेत. नावं नीट समजतात ती कापड बेतताना.

किमोनोच्या कापडाचा ताका म्हणजे 'तान'. पन्हा साधारण 36 ते 38 सेंमी, लांबी 12 मीटरच्या आसपास. एका तानात एका माणसाचा किमोनो बसतो, असंच ते माप ठरलेलं आहे. तुकडे आठ: धडाचे दोन (मिगोरो), बाह्यांचे दोन (सोदे), पुढच्या पाखांना जोडायच्या दोन अरुंद पट्ट्या (ओकुमी), गळपट्टी (एरी) आणि गळपट्टीवर बसणारी छोटी पट्टी (काकेएरी).

158 सेंमी उंचीच्या बाईसाठी हिशेब. धडाचा एकेक तुकडा पुढच्या घेरापासून खांद्यावरून मागच्या घेरापर्यंत सलग, खांद्यावर शिवण नाही. म्हणून धडाची 163 सेंमी लांबी, तिची दुप्पट आणि वर दुमड, सुमारे 3.35 मीटर. असे दोन म्हणजे 6.7. बाही 49 सेंमी, दुप्पट आणि शिवणीची जागा मिळून 1.05 मीटर, दोन बाह्या 2.1. उरलेला सुमारे 2.9 मीटरचा तुकडा पन्ह्याच्या मधोमध उभा चिरायचा. एका अर्ध्यातून दोन्ही ओकुमी एकापुढे एक, दुसऱ्यातून एरी आणि काकेएरी. बेरीज 11.7. बारा मीटरमध्ये जेमतेम 30 सेंमी उरतात.

धड माणसाच्या उंचीइतकं लांब ठेवतात आणि जास्तीची लांबी कमरेला दुमडून ओबीखाली घेतात. त्या दुमडीला 'ओहाशोरी' म्हणतात. पुरुषांच्या किमोनोत ती नसते, म्हणून त्यांचं माप अचूक लागतं.

सगळ्या कापांत परत न फिरवता येणारा काप एकच: मानेसाठी खांद्याच्या रेषेवर दिलेली आडवी चीर, मध्यापासून दोन्हीकडे साधारण 8.7 सेंमी. स्त्रियांच्या किमोनोत ही चीर खांद्याच्या घडीवर नसते, दोनेक सेंमी मागे सरकवतात, त्यामुळे मान मागून उघडी राहते. नवखे ती घडीवरच देतात. मग गळपट्टी कितीही मागे ओढा, ती पुन्हा मानेला येऊन चिकटते.

सुईदोरा

पन्हा यांच्या मापांत एक धोक्याची खूण लावून ठेवते. जपानी शिवणपुस्तकांत बाही '1 शाकु 3 सुन' अशी लिहिलेली असते. शाकु हे लांबीचं माप, सुन म्हणजे त्याचा दहावा भाग. शाकु दोन आहेत. सुताराचा 'कानेजाकु' 30.3 सेंमी, कापडाचा 'कुजिराजाकु' 37.9 सेंमी. 'कुजिरा' म्हणजे देवमासा. ही पट्टी देवमाशाच्या तोंडातल्या लवचीक झालरीपासून करत, म्हणून ते नाव. कापडाच्या शाकुने 1 शाकु 3 सुन म्हणजे 49 सेंमी. सुताराच्या शाकुने मोजलंत तर 39 भरते आणि बाही दहा सेंमी आखूड होते.

शिवण हाताने, साध्या धावदोऱ्याने. शिवणीपासून सुमारे 2 मिमी जास्त दुमडून इस्त्री करतात, त्याला 'किसे' म्हणतात. टाका झाकला जातो आणि बसता-उठताना ताण आला की ही दुमड थोडी सुटून ताण पचवते. रेशमाला रेशमी दोरा, सुताला सुती. रेशमावर पॉलिएस्टरच्या दोऱ्याने मशीन मारलं तर ताण आल्यावर दोरा तुटत नाही, कापड फाटतं. हाताच्या शिवणीत दोरा आधी तुटतो, तेच हवं. दोरा पाच मिनिटांत पुन्हा घालता येतो.

उसवता येणं हा या शिवणीचा गाभा आहे. 'आराइहारी' या जुन्या धुण्याच्या पद्धतीत पूर्ण किमोनो उसवून, तुकडे पुन्हा एकापुढे एक जोडून लांब पट्टा करतात, धुतात आणि बांबूच्या टोकदार काड्यांनी पन्ह्याला ताणून वाळवतात. नंतर नव्याने शिवतात. झिजलेल्या जागा तेव्हा आत लपवता येतात.

कुतूहल

शाळेच्या नाटकासाठी युकाता शिवायची आहे, मापं वर दिलेल्या 158 उंचीचीच. इथल्या दुकानातलं 112 सेंमी पन्ह्याचं सुती कापड घेतलं तर? तीन उभ्या पट्ट्या पडतात, म्हणजे 4 मीटरमध्ये 12 मीटर झाले ना?

पन्हा

नाही, 4 मीटरमध्ये बसणार नाही. बेरीज बरोबर येते, पण पट्ट्या सलग नाहीत. पहिल्या पट्टीतून धडाचा तुकडा 3.35 काढलात की 65 सेंमी उरतात, त्यात 1.05 ची बाही मावत नाही. एका पट्टीत धड अधिक बाही म्हणजे 4.4 मीटर हवेत. दुसरीत तेच. तिसरीत ओकुमी-एरीचे 2.9. म्हणून किमान 4.5 मीटर. कोरं सूत धुतल्यावर आटतं, ते आधी भिजवून, वाळवून मगच बेतायचं. म्हणून 5 मीटर घ्या. तिसऱ्या पट्टीतल्या उरलेल्यात कमरेची बांधणी निघेल.

आणखी दोन गोष्टी. तानाच्या दोन्ही बाजूंना विणलेली कड असते, त्यामुळे जपानी शिवणीत कडांना काहीच करावं लागत नाही. तुम्ही चिरलेल्या पट्ट्यांचे दोरे सुटणार. त्या कडा दुमडून घ्याव्या लागतील आणि दर कडेला सेंटिमीटरभर रुंदी जाईल. मानेपासून मनगटापर्यंतचं माप ('युकी') धडाच्या आणि बाहीच्या रुंदीवरच अवलंबून असतं, ते 66-67 च्या पुढे जाणार नाही. लांब हातांच्या मुलीसाठी बाहीचा तुकडा वेगळा, रुंद बेता. दुसरं, एकाच दिशेची नक्षी घेऊ नका. खांद्यावर शिवण नसल्याने पुढे सरळ असलेलं फूल पाठीवर उलटं येतं.

निळीशाई

@कुतूहल, नाटकासाठी पाखं कुठली वर हे पाठ करून घ्या, कारण इथे नावच फसवतं. योग्य पद्धतीला 'मिगीमाए' म्हणतात. मिगी म्हणजे उजवं, आणि माए म्हणजे 'पुढे'. त्यावरून लोक उजवं पाखं वर घेतात, नेमकं उलटं! माएचा इथला अर्थ 'आधी'. उजवं पाखं आधी अंगाला लावायचं, डावं त्याच्यावर. समोरून बघणाऱ्याला गळा इंग्रजी लहान वाय (y) अक्षरासारखा दिसला पाहिजे. घालणाऱ्याचा उजवा हात सहज छातीच्या घडीत शिरतो, ही दुसरी खूण.

हा नियम 719 सालच्या सरकारी हुकमाइतका जुना आहे. तांग चीनच्या चालीने सगळ्या प्रजेने उजवं पाखं आत घ्यावं असं तेव्हा ठरलं. उलटी पद्धत 'हिदारिमाए' फक्त मृताला कपडे घालताना. बोलीभाषेत 'हिदारिमाए झालं' म्हणजे धंदा बसला. स्त्री-पुरुष दोघांना नियम एकच आहे. आपल्याकडे मुलींच्या शर्टाला उजवी पट्टी वर असते, त्या सवयीने मुली हमखास चुकतात.

धातुपाठ

एक नाव राहिलं, तेही आपल्याकडचं. बौद्ध भिक्षू किमोनोवर डाव्या खांद्यावरून घेतात ते 'केसा'. संस्कृत 'काषाय', चिनीत 'जियाशा', जपानीत केसा. काषाय हे मुळात रंगाचं नाव, गढूळ तांबूस-पिवळा. रंगाचं नाव वस्त्राला लागलं आणि जपानात रंग सुटला: आज केसा जांभळी, काळी, सोनेरी जरीचीही असते.

ती पट्ट्या जोडून शिवतात, पाच, सात, नऊ अशा विषम संख्येने, आणि नावही त्यावरून: पाच पट्ट्यांची 'गोजो', सातांची 'शिचिजो', नवांची 'कुजो'. विनयपिटकात कथा आहे की मगधातली बांधाबांधांची शेतं बघून बुद्धाने आनंदाला तशा आखणीचं चीवर करायला सांगितलं. ती बांधांची नक्षी जपानी केसात अजून तशीच आहे. अख्खं कापड घेतलं तरी ते आधी चिरतात आणि मग जोडतात, म्हणजे ते विकण्याजोगं राहत नाही.

कुतूहल

5 मीटर, नक्षी दोन्ही दिशांची, डावं पाखं वर. लिहून घेतलं. नाटकाची छायाचित्रं छापायची आहेत, त्यासाठी काही?

निळीशाई

मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो आरशासारखा उलटा जतन होत असेल तर तो सरळ करून मगच छापा. उलट्या फोटोत डावं पाखं आत जातं आणि नाटकातली सगळी पात्रं प्रेताच्या पोशाखात दिसतात.